पेन्सिलीने लिहिलेल्या किमती

तू गेलास एकोणीस नोव्हेंबरला
आणि त्या वर्षाची सक्तीची रक्कम
काढायची राहून गेली.

दरवर्षी तू ती नाताळच्या आठवड्यात काढायचास,
अगदी टोकापर्यंत ताणून.
माझे पैसे मला कधी लागतात
ते सरकार कोण ठरवणार, असं पुटपुटत.

फोनवरची मुलगी म्हणाली, तुमच्या दुःखात सहभागी आहोत,
आणि त्याच श्वासात,
एकतीस तारखेच्या आत काढा, मॅडम,
कर आता तुमच्या नावावर.
लायलचा फोन लागेना.
मग सगळी मीच काढली.

म्हणजे धक्क्यावरच्या चौतीस वर्षांतला
तुझा एक उरलेला पगार
मृत्यूनंतर पाच आठवड्यांनी
माझी मिळकत झाला.
मी स्कूल बस चालवते. एवढी मिळकत
मला कधीच नव्हती.
मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच का,
असं बँकेत क्षणभर वाटलं.
पण सरकारने आपला गोळा
आधीच बाजूला काढून ठेवला होता.

ओडेगार्डबाईंचं ऑफिस लाँड्री आणि
गळ-आमिषाच्या दुकानाच्या मधे.
भिंतीतून धुलाईयंत्रं घरघरतात.
त्यांनी समजावलं: पगारातून कापून
त्यांनी हे साठवलं तेव्हा कर भरला नव्हता.
कायदा म्हणाला होता, नंतर भरा.

नंतर म्हणजे कधी
हे तू कुणाला विचारलं नव्हतंस.
नंतर म्हणजे मी.

दहा वर्षं मिळतात. दरवर्षी थोडं थोडं काढायचं,
दहाव्या डिसेंबरला खातं कोरडं.
चर्चने तुझ्यासाठी एक रविवार दिला होता,
बस कंपनीने तीन दिवसांची रजा.
दहा वर्षं फक्त करखात्याने दिली.

लायलने आपला वाटा एका फटक्यात काढला,
बोट घेतली. एप्रिलमध्ये सरोवरावर अजून बर्फ,
बोट ताडपत्रीखाली,
आणि कराचं बिल तिच्याहून फार लहान नाही.
तेव्हा त्याचा फोन आला. तीन वर्षांनी.
पैशांबद्दल आम्ही चार मिनिटं बोललो,
मग तू मासे कसे साफ करायचास
यावर तासभर.

दुसरं खातं शेअरचं.
त्यासाठी मी तुझी हिरवी वही नेली होती.
शहाऐंशी साली कागद गिरणीचे चाळीस शेअर,
सव्वाअकरा डॉलरने.
पुढे लाभांश, पुन्हा खरेदी, एका शेअरचे दोन झाले ती तारीख,
सगळं पेन्सिलीने, आकडे खडीसारखे दाबून लिहिलेले.
कुणी अधिकारी कधी विचारायला आला तर
तू तयार होतास, अडतीस वर्षं.

बाईंनी दोन पानं उलटली,
चष्मा काढला.
याची आता गरज नाही, कायसा.
मृत्यूच्या दिवशीचा भाव
हीच खरेदीची किंमत धरतात.

एक खातं काहीच विसरत नाही.
दुसऱ्याने अडतीस वर्षं पुसून टाकली,
जणू त्या दुपारी
तुझ्या पलंगाच्या कठड्याला धरून
मीच ते शेअर विकत घेत होते.
खिडकीबाहेर खनिजाचं जहाज पुलाखालून चाललेलं,
भोंगा दिला त्याने, पुलाने उत्तर दिलं.
नर्सने वेळ लिहून घेतली: तीन वाजून दहा.
बाजार दहा मिनिटांपूर्वी बंद झाला होता.

वहीची मागची पानं कोरी होती.
त्यांवर मी आता लिहिते
कोणत्या थांब्यावर कोण मूल आलं नाही.

हे चौथं वर्ष. सहा राहिली.
ओडेगार्डबाई ऑक्टोबरपासून चिठ्ठ्या पाठवतात,
यंदा तरी लवकर काढ.
मी हो म्हणते
आणि नाताळच्या आठवड्यापर्यंत
थांबते.